आधी कोणाला दिसलं?

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात लढाऊ विमानाचा आवाज आला की माना वर होतात आणि बहुतेकांना आकाश रिकामंच दिसतं. लोहगावचा हवाईतळ इथून सरळ रेषेत अकरा-बारा किलोमीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. विमान तीन किलोमीटरवर असेल तर तो आवाज कानावर पडायला नऊ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात ताशी ८०० किलोमीटरनं जाणारं सुखोई दोन किलोमीटर पुढं गेलेलं असतं. आवाज जिथून आला तिथं बघणारा म्हणूनच फसतो. त्याच्या बऱ्याच पुढं बघणाऱ्याला विमान सापडतं.

हा झाला जमिनीवरच्या माणसाचा खेळ. पण आकाशात एकमेकांवर चालून गेलेल्या वैमानिकांमध्ये कोण जिंकतो, याचं निम्मंअधिक उत्तर याच गोष्टीत आहे. सिनेमातला वैमानिक कोलांट्या मारतो, शेवटच्या क्षणी निसटतो आणि शत्रूच्या मागं जाऊन बसतो. धाडस, विजेसारखे हात, पोलादी छाती. हे गुण वाया जातात असं कोण म्हणेल? पण गेल्या शंभर वर्षांतल्या हवाई लढायांची कागदपत्रं चाळली तर वेगळीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. पाडल्या गेलेल्या वैमानिकांपैकी पुष्कळांनी आपल्याला पाडणारं विमान पाहिलेलंच नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात ३५२ विमानं पाडल्याची नोंद असलेला जर्मनीचा एरिश हार्टमान सांगत असे, की त्याच्या बळींपैकी सुमारे ८० टक्के लोकांना तो आलाय याचा पत्ताच नव्हता. ज्याला आपण द्वंद्व म्हणतो ते बहुतेक वेळा द्वंद्व नसतंच. तो दबा धरून केलेला हल्ला असतो.

प्रकाश सदाशिवराव पिंगळे या भारतीय वैमानिकाच्या वाट्याला १९६५ च्या भारत-पाक युद्धात, सप्टेंबरमध्ये दहा दिवसांच्या अंतरानं, आधी दिसण्याच्या या खेळाच्या दोन्ही बाजू आल्या.

६ सप्टेंबरची संध्याकाळ. पंजाबातल्या हलवारा तळावर हंटर विमानांच्या दोन जोड्या पहाऱ्यावर घिरट्या घालत होत्या. एका जोडीत ७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे पिंगळे आणि आदी गांधी, दुसरीत २७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे राठोड आणि नेब. स्क्वाड्रन लीडर सरफराज रफिकी तीन पाकिस्तानी सेबर घेऊन कमी उंचीवरून आला. पिंगळ्यांना हल्ला कळला तेव्हा गोळ्या त्यांच्या हंटरमध्ये शिरल्या होत्या. विमान ताब्यात राहिना, तेव्हा त्यांनी बाहेर उडी घेतली. पुढच्या काही मिनिटांत गांधींचं हंटरही पडलं, त्यांनीही पॅराशूटनं उडी घेतली. पण तोवर राठोड आणि नेब पोचले होते. तीन सेबरांपैकी दोन परत गेली नाहीत. रफिकी आणि युनूस हुसेन मारले गेले, एकटा सेसिल चौधरी सरगोध्याला पोचला. पाकिस्तानी हकीकतीनुसार पहिलं हंटर पाडल्यावर रफिकीच्या बंदुकाच अडकल्या. नेतृत्व चौधरीकडे देऊन तो स्वतः त्याची पाठ राखायला मागं सरकला. धाडसात तो तसूभर कमी नव्हता. तरी बिनबंदुकीच्या विमानात बसून, शत्रूच्या तळावर, इंधन मोजत किती वेळ निभावणार?

वैमानिक आंधळे असतात काय, की भलंमोठं विमान दिसू नये? मला वाटतं प्रश्न उलटा विचारायला हवा. दिसतंच कसं, याचं नवल आहे. माणसाच्या डोळ्याला बारीकसारीक स्पष्ट दिसण्याचा भाग जेमतेम दोन अंशांचा. हात लांब करून अंगठा धरला तर तो जेवढं आकाश झाकतो, तेवढाच. बाकीच्या आकाशात हालचाल जाणवते, तपशील नाही. त्यात निरभ्र आकाश पाहताना नजरेला टेकायला काही नसल्यामुळे डोळ्याचं भिंग आपोआप जवळच्या अंतरावर स्थिरावतं, आणि दूरचा ठिपका पुसट होऊन जातो. म्हणून वैमानिकाला शिकवतात की आकाश नुसतं न्याहाळू नकोस. त्याचे तुकडे पाड, प्रत्येक तुकड्यावर नजर थांबव, अधूनमधून दूरच्या ढगाकडे किंवा क्षितिजाकडे बघून डोळा पुन्हा लांबवर लाव. आणखी एक गंमत, म्हटलं तर जीवघेणी: तुमच्यावर थेट टक्करीच्या मार्गानं येणारं विमान काचेवर जागचं हलत नाही. हलणाऱ्या गोष्टी पकडायला घडलेल्या नजरेतून नेमकं तेच निसटतं. समोरासमोर ताशी ९०० किलोमीटरनं येणाऱ्या दोन विमानांमधलं अंतर सेकंदाला अर्ध्या किलोमीटरनं तुटतं. पाच किलोमीटरवर ठिपका दिसला तरी हाती दहा सेकंद.

म्हणूनच आपल्या नॅटची कीर्ती झाली. जेमतेम नऊ मीटर लांबीचं हे विमान शेजारी चौदा मीटरचं हंटर उभं केलं तर पोरसवदा दिसायचं. त्याच्या बंदुका अडकायच्या, वैमानिक त्यावरून वैतागायचे. पण ते दिसायचं उशिरा, आणि सेबरच्या वैमानिकाला तो उशीर महागात पडायचा. विमानाचा आकार, धूर किती सोडतं, सूर्य कुणाच्या पाठीशी आहे, हे सगळं शौर्याच्या आधीचं असतं. सूर्य पाठीशी ठेवून हल्ला करावा, हे जर्मन वैमानिक ओस्वाल्ड ब्योल्के यानं १९१६ मध्येच आपल्या नियमांत लिहून ठेवलं होतं.

एका माणसाला दोन डोळे आणि दोन्ही पुढं. मागचं कोण बघणार? याचं उत्तर म्हणजे जोडी. पहिल्या महायुद्धातला एकांडा शिलेदार लवकरच मागं पडला. स्पेनच्या यादवी युद्धात वेर्नर म्योल्डर्स आणि त्याच्या जर्मन सहकाऱ्यांनी चार विमानांची मोकळी रचना बसवली. पसरलेल्या हाताची चार बोटं जशी पुढंमागं असतात तशी. दोन-दोनच्या दोन जोड्या, मध्ये भरपूर अंतर, म्हणजे कुणालाही शेजारच्याला धडकू नये म्हणून डोळे त्याच्यावर खिळवून ठेवावे लागत नाहीत. प्रत्येकानं दुसऱ्याची पाठ बघायची. ब्रिटिश तोवर तीन विमानांच्या चिकटून उडणाऱ्या त्रिकोणात अडकले होते. संचलनात तो देखणा दिसे, लढाईत माणसं खाई. पुढे जगभरच्या हवाई दलांनी चार बोटांची रचना उचलली. जोडीतला पुढचा नेम धरतो, मागचा राखण करतो. विमान पाडल्याचं श्रेय पुढच्याच्या नावावर पडतं, हा अन्याय त्या धंद्यात आहेच.

आता १६ सप्टेंबर १९६५. हलवाऱ्यावरून पिंगळे पुन्हा आकाशात होते, सोबत फ्लाइंग ऑफिसर फारोख बुनशा. अमृतसरला '२३० सिग्नल युनिट'चं रडार होतं. त्याचं सांकेतिक नाव 'फिश ऑइल', आणि प्रमुख होते विंग कमांडर दंडपाणी. या रडारनं दोन सेबर पकडली आणि हंटरची जोडी तिकडे वळवली. सेबरमध्ये होता एम. एम. आलम, पाकिस्तानी हवाई दलाचा सगळ्यात गाजलेला वैमानिक, आणि सोबत तरुण शौकत-उल-इस्लाम. या वेळी दोन्ही बाजूंना एकमेकांची खबर होती. झटापट झाली. आलमनं बुनशाचं विमान पाडलं, बुनशा गेले. पिंगळ्यांनी शौकतचं सेबर टिपलं, तो पॅराशूटनं उतरला आणि युद्धकैदी झाला. पिंगळे परतले, त्यांना वीरचक्र मिळालं.

दहा दिवसांत पिंगळ्यांच्या हातात काही नवं कौशल्य आलं असेल असं मला वाटत नाही. विमान त्याच जातीचं, बंदुका तशाच चार. फरक इतकाच होता की सेबर कुठं आहेत हे या वेळी गोळ्या लागायच्या आधी माहीत होतं, आणि ती माहिती त्यांना जमिनीवरून मिळाली होती. एकदा पाडले गेल्यावर माणूस मागं जास्त वळून बघतो, हेही असेल.

जमिनीवरच्या त्या आवाजाला आपल्याकडच्या युद्धकथांत फार थोडी जागा मिळते. २२ नोव्हेंबर १९७१ ला, युद्ध जाहीर व्हायच्या अकरा दिवस आधी, पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरच्या बोयऱ्याच्या आकाशात चार नॅटनी सेबरांना गाठलं: मॅसी, सोरेस, गणपती आणि लाझारस. दोन सेबर पडली, तिसरं जखमी होऊन परतलं. पडलेल्यांपैकी परवेझ मेहदी कुरेशी कैद झाला आणि पुढे १९९७ मध्ये पाकिस्तानी हवाई दलाचा प्रमुख झाला. त्या दिवशी सकाळी नॅट आधीही धावली होती, पण ती पोचेपर्यंत सेबर निघून गेलेली. दुपारी जमलं, कारण रडारसमोर बसलेला फ्लाइंग ऑफिसर बागची दर काही सेकंदांनी दिशा आणि अंतर सांगत त्यांना नेमक्या बाजूनं, नेमक्या वेळी नेऊन पोचवत होता. वैमानिकांनी काम चोख केलं, पण ते सुरू झालं ते बागचीच्या पडद्यावर.

दिसल्यानंतरचं काय, यावर सगळ्यात खोल विचार केला तो जॉन बॉइड या अमेरिकन वैमानिकानं. कोरियाच्या युद्धात सोव्हिएत बनावटीचं मिग-१५ अमेरिकन सेबरपेक्षा झपाट्यानं चढायचं आणि जास्त उंची गाठायचं. तरीही सेबर वरचढ ठरली. बॉइडनं दोन साध्या गोष्टींवर बोट ठेवलं. सेबरच्या काचेच्या घुमटातून चोहीकडे मोकळं दिसायचं. आणि हायड्रॉलिक नियंत्रणांमुळे एका हालचालीतून दुसरीत ते पटकन शिरायचं. म्हणजे बघणं आणि बदलणं. त्यावरून त्यानं पुढे एक चक्र मांडलं: पाहा, अर्थ लाव, ठरव, कर, आणि पुन्हा पाहा. जो हे चक्र दुसऱ्यापेक्षा भरभर फिरवतो, त्याच्या समोरचा कालबाह्य झालेल्या चित्रावर निर्णय घेत राहतो. मार्केट यार्डात पहाटे लिलावाला उभा असलेला मुरलेला आडत्या हेच करतो. आवक किती, माल कसा, समोरच्या खरेदीदारांपैकी कुणाला आज घ्यावंच लागणार आहे, हे त्यानं पहिली बोली लागायच्या आत वाचलेलं असतं. नवखा तोवर भाव ऐकत असतो. फरक एवढाच की इथं चुकलं तर पैसे जातात.

बॉइडच्या चक्रात 'अर्थ लाव' ही पायरी सगळ्यात जड. समोरचं विमान वळतंय, ते दमलंय की मला ओढून नेतंय? प्रत्येक कडक वळण वेग खातं. उंची म्हणजे साठवलेला वेग. खाली सूर मारला की तो परत मिळतो. सारखा कडक वळत राहणारा वैमानिक बघायला चमकदार वाटतो, पण मिनिटभरात त्याच्याकडे ना वेग उरतो ना उंची. चांगला वैमानिक विमानाची ही ऊर्जा जपून खर्च करतो. कधी वळायचं नाही हे त्याला कळतं. बॉइडनं गणितज्ञ थॉमस क्रिस्टीबरोबर या ऊर्जेचं गणितच मांडलं आणि पुढची विमानं त्यावर घडली.

शरीराचा हिशोब मात्र टाळता येत नाही. कडक वळणात वैमानिकावर गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट जोर येऊ शकतो; सत्तर किलोचा माणूस सहाशे तीस किलोचा होतो. रक्त पायांकडे ओढलं जातं. मेंदूच्या आधी डोळा रुसतो, कारण डोळ्याच्या आतल्या दाबापुढं रक्त पोचणं आधी थांबतं. रंग उडतात, कडा काळवंडतात, मग बोगद्यातून पाहिल्यासारखं मधलं तेवढं उरतं, आणि त्यानंतर शुद्ध जाते. ज्याचं सगळं यश दिसण्यावर, त्याचं नेमकं दिसणंच पहिल्यांदा जातं! त्यावर उपाय म्हणजे पोट आणि मांड्या आवळणारा जी-सूट, आणि पोट, मांड्या, पोटऱ्या ताणून धरत ठरावीक लयीत श्वास घ्यायचं तंत्र. ते अंगवळणी पडावं लागतं, कारण त्याच वेळी मान वळवून मागं बघायचं असतं, आणि शिरस्त्राणासकट डोकं तेव्हा पन्नासेक किलोचं झालेलं असतं. २५ नोव्हेंबर २००९ ला तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील लोहगावहून सुखोईत बसून उडाल्या तेव्हा त्यांनीही जी-सूट चढवला होता. वय वर्षं ७४. अर्थात त्यांच्या वैमानिकानं नऊपटीचं वळण घेतलं नसणार.

मग असा माणूस आधी ओळखता येतो का? भारतीय हवाई दलात वैमानिक होऊ इच्छिणाऱ्याला एक कल-चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. पूर्वी तिला पीएबीटी म्हणत, आता संगणकीकृत रूपात सीपीएसएस म्हणतात. हात, पाय, डोळा एकत्र चालतात का आणि एकाच वेळी दोन-तीन कामं येऊन पडली की गोंधळ होतो का, हे त्यात कळतं. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून किंवा थेट दुंडिगलच्या हवाई दल अकादमीत गेलेली मुलं आणि आता मुलीही पुढे मराठवाड्याला लागून असलेल्या बिदरला हॉक विमानावर हात बसवतात. या चाळण्यांतून विमान उडवू शकणारा सापडतो. लढू शकणारा सापडतोच असं नाही. कोरियात सेबर उडवणाऱ्या शेकडो अमेरिकनांपैकी जेमतेम चाळीसजण पाच किंवा जास्त विमानं पाडून 'एस' ठरले, आणि एकूण यशाचा मोठा वाटा त्यांच्या नावावर गेला. त्यांच्यात समान काय, हे मानसशास्त्रज्ञांनी शोधून पाहिलं. धोका पत्करायची तयारी वगैरे सापडली, पण तेवढ्यावरून पुढचा एस कोण होईल हे सांगता येईना.

सराव आणि गुरू यांचा परिणाम मात्र स्वच्छ दिसतो. पहिल्या महायुद्धात मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर ब्रिटिश हवाई दलात दाखल झाले. जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर त्यांचं डॉल्फिन विमान पाडलं गेलं आणि तीन दिवसांनी शत्रूच्या कैदेत ते वारले. त्याच उन्हाळ्यात एकोणीस वर्षांचा बंगाली इंद्रलाल रॉय ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये आला. त्याला जॉर्ज मॅकेलरॉयच्या तुकडीत घातलं. मॅकेलरॉय स्वतः कसलेला शिकारी होता. जुलैच्या अवघ्या दोन आठवड्यांत रॉयच्या नावावर दहा विमानं लागली, आणि २२ जुलैला तोही गेला. दोघांच्या धाडसाची तुलना करणं निरर्थक आहे. पण सुरुवातीचे दिवस कुणाच्या पंखाखाली जातात, याला त्या आकाशात फार किंमत होती.

व्हिएतनाममध्ये अमेरिकेला हे पुन्हा शिकावं लागलं. क्षेपणास्त्रं आली, आता जवळून झुंजायची गरज नाही, अशा समजुतीत फँटम विमानं बंदुकीशिवाय बनवली गेली होती. क्षेपणास्त्रं वारंवार चुकत आणि उत्तर व्हिएतनामची जुनी, चपळ मिग जवळ येऊन भिडत. १९६८ मध्ये कॅप्टन फ्रँक ऑल्टनं या अपयशाच्या कारणांचा अहवाल दिला, आणि १९६९ मध्ये नौदलानं मिरामारला 'टॉप गन' शाळा काढली. शिकवणारे शत्रूच्या पद्धतीनं उडत, वेगळ्या बनावटीची विमानं घेऊन. नौदलाचं, गमावलेल्या एका विमानामागं पाडलेली अडीचेक मिग, हे प्रमाण पुढच्या टप्प्यात बारावर गेलं. विमानं जवळपास तीच होती. अमेरिकी वायुसेनेच्या अभ्यासात दिसलं की पहिल्या दहा लढाऊ उड्डाणांत धोका सगळ्यात जास्त. ती पार पडली की जगण्याची शक्यता झपाट्यानं वाढते. मग ती पहिली दहा उड्डाणं खोट्या युद्धातच का करून घेऊ नयेत? या विचारातून १९७५ मध्ये नेवाडात 'रेड फ्लॅग' सराव सुरू झाला. २००८ मध्ये भारतीय सुखोईही त्यात जाऊन आली. आपल्याकडे अशी शाळा १९७१ च्या युद्धाआधीच, त्याच वर्षी आदमपूरला उभी राहिली होती. आज ती 'टॅकडी' या नावानं ग्वाल्हेरला आहे.

एक मात्र मनात पक्कं ठेवावं, की वैमानिकाला पाडणारं दरवेळी दुसरं विमान नसतं. रावळपिंडीच्या कैदेतून १९७२ च्या ऑगस्टमध्ये भिंत फोडून निसटलेले वैमानिक दिलीप परुळकर आपल्याला माहीत आहेत. पुढे ते पुण्याचे झाले. त्यांचं सुखोई-७ डिसेंबर १९७१ मध्ये जमिनीवरच्या विमानविरोधी तोफांनी पाडलं होतं. १९६५ आणि १९७१ मध्ये आपली कितीतरी विमानं अशीच गेली. तिथं डावपेचापेक्षा उंची, वेग आणि नशीब चालतं.

आता नजरेपलीकडची क्षेपणास्त्रं आली आहेत. शत्रू डोळ्याला दिसायच्या आधीच बाण सुटलेला असतो. तेव्हा वर लिहिलेलं सगळं मोडीत निघालं का? तसं वाटत नाही. लोहगावला १९९७ च्या जूनमध्ये पहिली सुखोई-३० आली आणि सप्टेंबर २००२ मध्ये तिचं एमकेआय रूप दाखल झालं. तिच्यात दोन माणसं बसतात. पुढचा उडवतो, मागचा रडार आणि शस्त्रांचा पसारा सांभाळतो, म्हणजे एकाच विमानात एक जोडी. नजर डोळ्यातून रडारमध्ये गेली, पण रडार लावलं की आपली जागा उघडी पडते. ते किती वेळ चालू ठेवायचं, कधी गप्प राहून दुसऱ्याच्या रडारवर भरवसा ठेवायचा, ही जुनीच लपाछपी आहे. २७ फेब्रुवारी २०१९ ला जम्मू-काश्मीरच्या आकाशात पाकिस्तानी विमानं चालून आली तेव्हा आपल्या वैमानिकांना जमिनीवरून दिशा देणाऱ्या स्क्वाड्रन लीडर मिंटी अगरवाल होत्या. युद्धसेवा पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

लढाईनंतरचा एक भाग राहिला: किती विमानं पाडली, याचा हिशोब. आलमनं ७ सप्टेंबर १९६५ ला मिनिटाभराच्या आत पाच हंटर पाडल्याचा दावा पाकिस्तानात शाळेतल्या मुलांना पाठ आहे, भारताला तो मान्य नाही. कोरियातला अमेरिकेचा दहास एक हा आकडाही दोन्ही बाजूंची दफ्तरं पडताळल्यावर बराच खाली आला. यात दरवेळी खोटेपणा असतो असं नाही. समोरच्या विमानातून धूर दिसला, विमान ढगात शिरलं, त्याच वेळी दुसऱ्यानंही गोळी झाडलेली. घाबऱ्या दोन सेकंदांत पाहिलेलं मन पुरं करून टाकतं. म्हणून बंदुकीबरोबर चालणारा कॅमेरा आला, आणि सरावानंतरची चिकित्सा आली. तासाभराच्या उड्डाणावर ती कित्येकदा दोन-तीन तास चालते. पडद्यावर प्रत्येक विमानाची वाट काढतात आणि सेकंद-सेकंद उलगडत जातात. तिथं कनिष्ठानंही वरिष्ठाला सांगायचं असतं, की अमुक क्षणी तुमच्या मागं मी होतो आणि तुम्हाला ते पुढं अकरा सेकंद कळलं नव्हतं.